नशीब म्हटलं की चहा

मथुताई गेली तेव्हा तिच्या उशीखाली पत्त्यांचा कॅट सापडला, असं रायपूरच्या आमच्या बुढापारा मोहल्ल्यात अजून सांगतात. खोटं आहे. उशीखाली चष्म्याची डबी आणि सर्दीचा बाम होता. कॅट माझ्या घरी होता, कारण त्यातली किल्वरची राणी फाटली होती आणि मी ती चिकटवायला आणली होती. माणूस गेलं की लोक त्याला शोभतील अशा गोष्टी जोडत बसतात. मला ते येत नाही. मी चौथीपर्यंत शिकले. पाहिलं तेवढं लिहिते.

पूर्ण नाव मथुरा गावंडे. माहेर अमरावतीकडचं, नवरा रेल्वेत, आमच्या ह्यांच्यासारखाच. दोघींचे नवरे गेले तेव्हा आम्ही एकाच गल्लीत भाड्याने राहत होतो, ती कोपऱ्यावर, मी चार घरं अलीकडे. तिचा मुलगा दिलीप शहराबाहेर उरल्याला लोखंडाच्या कारखान्यात होता आणि तिकडेच त्याने घर केलं होतं. ती त्याच्याकडे राहायला जात नव्हती. का म्हणून विचारलं तर म्हणायची, तिकडची धूळ चहात पडते. खरं कारण म्हणजे उरल्याला पत्ते खेळायला बाया नव्हत्या.

जेवणं आटोपली की तिच्या पुढच्या खोलीत सतरंजी पडायची. ती, मी, सिंधू मेश्राम आणि साहूदीदी. सिंधूचा नवरा रेल्वेतून निवृत्त होऊन घरी बसला होता आणि त्याच्यापासून सुटका म्हणून ती यायची, असं ती स्वतःच सांगायची. साहूदीदी इथलीच. मराठी तिला सगळी समजायची, बोलायची मात्र आपल्या छत्तीसगढीत. आम्ही तीन पत्ती खेळायचो. पैसे नाही, चिंचोके. मथुताईचं म्हणणं असं, की पैसा मध्ये आला की माणूस समोरच्याचं तोंड पाहत नाही, पैसाच पाहतो.

ज्यांना हा खेळ येत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येकाला तीन पत्ते मिळतात. आपले पत्ते पाहून खेळायचं तर चिंचोक्यांची पूर्ण चाल टाकावी लागते. न पाहता खेळायचं तर अर्धी. न पाहणाऱ्याला ब्लाइंड म्हणतात. पत्ते वाईट वाटले तर टाकून द्यायचे, त्याला पॅक करणं म्हणतात. आणि शेवटी दोघं उरले की एकाने चाल टाकून शो मागायचा, म्हणजे पत्ते उघडा म्हणायचं. पण ब्लाइंड खेळणाऱ्याकडे पाहून खेळणाऱ्याला शो मागता येत नाही. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याखेरीज मथुताईच्या घरचा एक नियम होता. हरल्यावर जो कोणी "नशीब" म्हणेल त्याने उठून चहा ठेवायचा. नशीब, किस्मत, भाग्य, काही म्हटलं तरी चहा. सुरुवातीला मीच सगळ्यात जास्त चहा केला. पत्ते वाईट आले की तोंडातून शब्द निघूनच जायचा. मथुताई चिंचोके गोळा करता करता, मान वर न करता म्हणायची, "शेवंते, आलं घालजो." साहूदीदीने कपाळाला हात लावून दाखवला, तर त्याचाही चहा तिने वसूल केला. म्हणाली, हात बोलला.

मी एकदा तिच्याशी भांडले होते. म्हटलं, पत्ते कोणते यावे हे काय आपल्या हातात आहे? मग नशीब नाही तर काय? ती म्हणाली, "नशीब आहे ना व. म्या कधी नाही म्हटलं? पण ते पत्ते वाटेपर्यंत. हातात आल्यावर त्याचं काम झालं. मंग तू काहून त्याचं नाव घेऊन राहिली?"

ती खेळ शिकली ते दारातून. तिचा नवरा दिवाळीला क्वार्टरमध्ये मित्र जमवायचा आणि ही चहा-पोहे घेऊन दारात उभी राहायची. बायकांनी आत येऊन पाहायची पद्धत नव्हती, म्हणून पत्ते तिला कधी दिसले नाहीत. दिसली ती तोंडं. कोण चांगले पत्ते आले की सुपारी चघळायची थांबवतो, कोण थाप मारताना उगाच दुसऱ्याची चौकशी करतो, हे तिने दारात उभं राहून पाहून ठेवलं. स्वतःच्या नवऱ्याचे कान लाल व्हायचे. "याचे कान पाहून सगळे पॅक करत," ती सांगायची. "एकदा तर ट्रेल आली बिचाऱ्याले, तीन बादशहे. कोणी थांबलंच नाही. म्या त्याले कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर टोपी घालून बसला असता."

माझं काय दिसतं ते मी तिला किती वेळा विचारलं. तिने मरेपर्यंत सांगितलं नाही.

त्याच काळात नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी. रस्ते उकरले, पाट्या बदलल्या, ज्याला त्याला वाटायला लागलं की आपलं काहीतरी होणार. गल्लीतल्या पोट्ट्यांनी फटाके फोडले. सिंधू म्हणाली, रायपूरचं नशीब उघडलं. चहा ठेवून आल्यावर मथुताई तिला म्हणाली, "रायपूरले चांगला पत्ता आला, एवढंच झालं. आता खेळता येते का ते पाहू." तेलीबांध्याकडे मोठे दवाखाने, ऑफिसं उभी राहायला लागली, तेव्हाही ती हेच म्हणायची. पाहू. तिचा हा शब्द होता. कशालाही छान नाही, वाईट नाही. पाहू.

आणि हिचंच पाहणं जायला लागलं.

तिचा डावा डोळा आधीच गेलेला होता. मला वाटायचं लहानपणी काही लागलं असेल. ती सांगायची नाही आणि मी असले प्रश्न विचारत नाही. उजव्यावर सगळं चालायचं. मग एका दुपारी ती आणि सिंधू दोघीच डावात उरल्या. सिंधूने शो मागितला. मथुताईने पत्ते मांडले आणि म्हणाली, बदामाचा कलर. कलर म्हणजे तिन्ही पत्ते एका जातीचे. आम्ही पाहिलं तर दोन बदाम आणि एक चौकट. दोन्ही लालच, पण चौकट ती चौकट. नवशिक्या पोरीनेही अशी चूक करू नये. सगळ्या हसल्या. तीही हसली, चिंचोके सिंधूकडे सरकवले आणि म्हणाली, म्हातारी झाली मी.

दुसऱ्या दिवसापासून ती पत्ते पाहीनाशी झाली. प्रत्येक डाव ब्लाइंड. पत्ते समोर पालथे, त्यावर डावा हात, आणि उजव्या हाताने चाल. आम्हाला वाटलं म्हातारपणी जोर आला. गंमत म्हणजे ती जिंकायची. कधी पॅक करायचं आणि कधी दाबायचं हे ती आमच्या आवाजावरून ठरवायची, हे मला नंतर कळलं. साहूदीदी म्हणायची, "तैं तो आँखी मूँद के जीतथस दीदी." मथुताई म्हणायची, "हव."

मला शंका आली ती चहामुळे. साहूदीदीने किस्मत म्हटलं होतं, पण ती चहा ठेवून घरी कोणी आलं म्हणून गेली, आणि ओतायला मथुताई उठली. मी कप घ्यायला आत गेले. तिने कपाच्या काठावर आतून बोट ठेवलं होतं. चहा बोटाला लागला की थांबायची. उकळता चहा. तीन कप ओतले, तीनदा बोट भाजलं, तोंडातून आवाज नाही.

सिंधू गेल्यावर मी सतरंजीवर परत बसले आणि म्हटलं, "मथुताई, तू ब्लाइंड खेळून राहिली म्हणून कोणी तुले शो मागू शकत नाही. मी मागते."

"नियमात नाही," ती म्हणाली.

"पत्त्याचा नाही मागत. डोळ्याचा मागते."

ती बराच वेळ चिंचोके एका हातातून दुसऱ्या हातात करत राहिली. मग म्हणाली, तुझं तोंड मला महिन्यापासून दिसलं नाही. आवाज दिसतो.

मोतिबिंदू होता. ऑपरेशनने बरा होतो हे तिलाही माहीत होतं. पण डावा डोळा ऑपरेशनमध्येच गेला होता. नवरा असताना, गावाकडे कुठलंसं शिबिर होतं. शेजारच्या बाया गाडीत बसून चालल्या होत्या, जागा होती, ही बसली. आठ दिवसांत डोळा पिकला आणि गेला. सगळं गाव म्हणालं, बिचारीचं नशीब. सासूही म्हणाली, नवराही म्हणाला. मथुताई मला म्हणाली, "ज्याने डोळा खराब केला त्याची चूक त्याच्यापाशी. त्याले कोणी इचारलंच नाही, सगळे माह्या नशिबाले इचारून मोकळे झाले. पण माही चूक मले पाह्यजे. कोण डॉक्टर, हात धुतले का, उद्या दुखलं तर कोणाकडे जायचं, म्या काही पाह्यलं नाही. गाडी जाऊन राहिली होती म्हणून बसली. तो डाव म्या ब्लाइंड खेळली, शेवंते."

तेव्हा मला त्या चहाच्या नियमाचं कळलं.

आता एकच डोळा हातात होता. तो गेला तर पत्ते गेले, गल्ली गेली, बुढापाऱ्यातली खोली गेली. दिलीप तिला उरल्याला नेऊन एका खाटेवर बसवणार हे ठरलेलं होतं. काही न केलं तरी डोळा जाणारच होता. केलं तर राहील किंवा आजच जाईल. ती म्हणाली, असा पत्ता आला आहे, पॅक करता येत नाही. पण या वेळी पाहून खेळणार.

दिलीपला कळवलं तेव्हा तो लगेच आला. पोट्टा वाईट नव्हता. मराठी समजायची, बोलायचा हिंदी, आजकालच्या सगळ्यांसारखा. म्हणाला, कारखान्याच्या ओळखीचा दवाखाना आहे, उद्याच करून टाकू, बाकी सब किस्मत की बात है. मथुताईने त्याला स्वयंपाकघर दाखवलं. चहा पिता पिता ती म्हणाली, डॉक्टर मी ठरवीन. तो म्हणाला, तुला दिसत नाही तर तू कशी ठरवशील? ती म्हणाली, शेवंताला दिसते.

असं मी तिच्या डोळ्याचं काम केलं. आम्ही दोघी सकाळी निघायचो, रिक्षा करायचो आणि दवाखान्यात जाऊन बाकावर बसायचो. नाव लावायचं नाही, काही नाही. दोन म्हाताऱ्या बाया बसल्या आहेत तर कोणी विचारत नाही. सगळ्यांना वाटतं कोणाच्या तरी सोबत आल्या असतील. ती ऐकायची आणि मला विचारायची. आता कोण आलं? तोंड कसं आहे त्याचं? हात कुठे आहेत?

पहिला दवाखाना तेलीबांध्याकडचा. काचेचं दार, आत मासे ठेवलेली पेटी. डॉक्टर गोरापान, हसतमुख, प्रत्येकाला सांगायचा, चिंता मत करो, एकदम पहले जैसा दिखेगा. मला आवडला. मथुताईला म्हटलं, इथेच कर. ती म्हणाली, थांब, अजून कोणी हरलेलं आलं नाही.

"म्हणजे?"

"ज्याचा डोळा बरा झाला त्याच्यासोबत कोणीही हसते. जिंकल्यावर माणूस समजत नाही. ज्याचा नाही झाला, त्याच्यासोबत हा कसा बसते ते पाहू."

आम्हाला तिथे दोन-तीनदा जावं लागलं. मग एक बाई आली, पट्टी काढूनही दिसत नव्हतं तिला. डॉक्टर बाहेरच उभ्या उभ्या म्हणाला, माताजी, दवा टाइम पर नहीं डाली होगी, और फिर अपनी-अपनी किस्मत. तोंडावर हसू तसंच होतं, हे मी मथुताईला सांगितलं. ती माझा दंड धरून उठली. म्हणाली, "यानं चहा ठेवा लागते. चाल."

दुसरा दवाखाना साधा होता. लाकडी बाकं, रंग उडालेला, पंखा आवाज करायचा. डॉक्टरीण लहानखुरी, केस मागे घट्ट बांधलेले, हसणं कमीच. मला काही विशेष वाटली नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी खेड्यावरून एक म्हातारा आला, नातवाचा हात धरून. त्याचं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि धूसरच दिसत होतं. डॉक्टरीण खोलीतून बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बाकावर बसली. म्हणाली, "बबा, जतका सोचे रहेंव, ओतका नइ होइस." म्हणजे, बाबा, मी विचार केला होता तेवढं झालं नाही. मग काय राहिलं, पुढे काय करता येईल, काय येणार नाही, ते तिने त्याला समजेपर्यंत सांगितलं. म्हाताऱ्याने तेच तेच विचारलं. तिने तेच तेच सांगितलं.

मथुताईने विचारलं, पाहते कुठे ती? मी म्हटलं, त्याच्याकडेच. खाली नाही, घड्याळाकडे नाही.

"नाव लाव," मथुताई म्हणाली.

तपासताना डॉक्टरिणीने डाव्या डोळ्यावर उजेड मारला आणि बाजूच्या पोरीला लिहून घ्यायला सांगितलं, लेफ्ट आय ब्लाइंड. मथुताई ताबडतोब म्हणाली, "तो उसका आधा ही लगेगा ना?" पोरीला काही कळेना. डॉक्टरीण मात्र थांबली, आणि तेवढ्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. म्हणाली, माताजी, तीन पत्ती? घर पर दिवाली में मैं भी खेलती हूँ.

मथुताईने तिला विचारलं, जीतती हो कि हारती हो? ती म्हणाली, ज़्यादा तो हारती हूँ. मग हरल्यावर काय करता? ती म्हणाली, देर तक सोचती हूँ कि कौन-सी चाल ग़लत थी, घरवाले हँसते हैं. मथुताईने मान हलवली. मग आपला खरा प्रश्न विचारला, हा डोळा बिघडू शकतो का?

"बिगड़ सकता है," डॉक्टरीण म्हणाली. "बहुत कम बिगड़ता है, पर बिगड़ता है. मैं सब ठीक करूँ, तब भी."

मी घाबरले. बाहेर आल्यावर म्हटलं, ही तर आत्ताच असं बोलते. मथुताईचं तोंड उजळलं होतं. म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्यापुढे पत्ते सरळ वाटले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले तर ती खाटेवर बसून होती आणि दिलीप ओल्या रुमालाने तिचा डोळा पुसत होता. डोळ्याला चिकटा आला होता. दिलीपने कारखान्यातून रजा घेतली होती, मित्राची गाडी आणली होती. तो म्हणत होता, थोडा सा ही है, पोंछ लो, डॉक्टर को क्या बताना, फिर तारीख नहीं मिलेगी. त्याचंही खरं होतं. रजा मागणं सोपं नव्हतं त्याला. मला वाटलं, आता ही ऐकेल. इतके दिवस धीर धरलेला असतो, सगळं जुळून आलेलं असतं, माणूस ऐकतो.

तिने दवाखान्यात पाय ठेवल्या ठेवल्या डॉक्टरिणीला सांगितलं, डोळा चिकटतो आहे, चिकटा आजच आला. डॉक्टरिणीने पाहिलं आणि ऑपरेशन पुढे ढकललं. औषध दिलं, पंधरवड्याने या म्हणाली. दिलीप बाहेर येऊन भिंतीवर हात मारून म्हणाला, हमारी किस्मत ही ख़राब है.

मथुताई म्हणाली, "घरी चालून चहा ठेवजो. अन् हे पाह्य दिलीप, पॅक करणं म्हणजे हरणं नव्हे. हातात खराब पत्ता असतानी चाल टाकणं, ते हरणं."

त्याने घरी चहा ठेवला. भलताच गोड केला होता. आम्ही प्यायलो. तो दिवस मला चांगला आठवतो, कारण चहा पिऊन झाल्यावर तो तिच्या पायाशी सतरंजीवर बसला आणि म्हणाला, आई, मला शिकव. तिने कॅट काढायला लावला. काही दिसत नसताना तिने पोराला तीन पत्ती शिकवली. आणि पाच-सहा डावांतच मला म्हणाली, याचा आवाज बारीक होते व चांगला पत्ता आला की. बापाचे कान, याचा आवाज. तो म्हणाला, किधर होता है? आणि आवाज बारीकच होता.

पंधरवड्याने परत गेलो. डोळा स्वच्छ होता. तिला हिरवा झगा घातला, केस टोपीत घातले. आत न्यायच्या आधी तिने माझा हात धरला. तिचा हात थंड होता, हे सांगायला हवं. लोक तिला फार धीट समजतात. धीट नव्हती ती. घाबरायची आणि मग पाहायची. ती म्हणाली, "शेवंते, जेवढं पाहा लागत होतं तेवढं पाह्यलं. चाल टाकली. आता जे राह्यलं ते नशीब."

मी म्हटलं, "नशीब म्हटलं तू. चहा तुझ्यावर आला."

"बाहेर आली का ठेवते," ती म्हणाली.

पट्टी दुसऱ्या दिवशी काढली. डॉक्टरिणीने आधी बोटं दाखवली, किती म्हणून विचारलं. मथुताईने बोटं मोजली नाहीत. म्हणाली, तुमच्या कानात लहानशी कुडी आहे, लाल खड्याची. डॉक्टरिणीचा हात आपोआप कानाकडे गेला. मग मथुताईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. म्हणाली, "अव माय, किती म्हातारी झाली तू." मी म्हटलं, तू आरशात पाहा आधी.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली, त्याच खोलीत, त्याच गल्लीत. ती वर्षं मी लिहीत नाही. आजारपण, मरण, ते सगळ्यांचं सारखंच असतं. ती माझ्या डोळ्यापुढे येते ती एकाच दुपारची, औषधाचे थेंब संपून तिला पत्ते धरायची परवानगी मिळाली त्या दुपारची.

सतरंजी पडली. सिंधूने पत्ते वाटले. आम्हाला सवय झाली होती, म्हणून साहूदीदी तिला म्हणालीसुद्धा, "ब्लाइंड न दीदी?" मथुताई म्हणाली, "नाही. पाहून." तिने पत्ते उचलले, पंख्यासारखे उघडले आणि पाहत राहिली. असं पाहत राहिली की बस. एकेक पत्ता थोडा पुढे, थोडा मागे. तोंडावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. लेकीचं पहिलं मूल हातात घेतल्यावर बाया करतात तसं तोंड झालं होतं. मग तिने पूर्ण चाल टाकली, मूठभर चिंचोके.

पत्ते हातात असताना जिच्या तोंडावरची रेघ कधी हलली नाही, तिचं असं तोंड. साहूदीदीने पत्ते टाकले. माझ्याकडे काही नव्हतंच, मी टाकले. सिंधूकडे बादशहाची जोडी होती, तिने नंतर दाखवली. ती बराच वेळ मथुताईकडे पाहत बसली आणि म्हणाली, बाप्पा, हिच्याकडे ट्रेल आहे, मी नाही मरत. आणि तिनेही टाकले. सगळे टाकले की जिंकणाऱ्याला पत्ते दाखवावे लागत नाहीत. मथुताईने चिंचोके ओढून घेतले आणि पत्ते पालथे ठेवले.

पिसायची पाळी माझी होती. गोळा करता करता मी तिचे तीन पत्ते उचलून पाहिले. दुर्री, तिर्री, पंजी. तिन्ही वेगळ्या जातीचे. या खेळात याहून खालचा हात नाही.

मी तिच्याकडे पाहिलं. थाप मारली होती की नुसती पाहून खुश झाली होती, मला आजही माहीत नाही. हात माझ्या लक्षात आला हे तिला कळलं, कारण ती म्हणाली, "काय रंग आहे व पंजीचा. किल्वर इतका काळा असते, मी विसरलीच होती."

"नशीब," मी म्हटलं. मुद्दाम म्हटलं.

मी उठायला लागले तर तिने मला खाली बसवलं. म्हणाली, नाही, माझा राहिला आहे दवाखान्यातला. आणि आत गेली. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघर सरळ दिसायचं. तिने चार कप मांडले, गाळणी धरली आणि ओतायला लागली. बोट नाही लावलं. ओतता ओतता ती आमच्याकडे पाहत होती, सिंधू जोडीचे पत्ते दाखवून साहूदीदीशी भांडत होती तिकडे, आणि एक कप भरून वाहिला. चहा बशीत सांडला, ओट्यावर आला.

तिला तो दिसला. तिनेच फडकं घेतलं आणि पुसला.